कोल्हापूरचा एफएम : रोज दहा तास ऐकणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

मंगळवार पेठेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे, तीन शिलाई मशिनी, एक पिकोचं मशीन आणि मागच्या फळीवर रेडिओ. सकाळी साडेनऊला शटर वर गेलं की देवाला उदबत्ती आणि लगेच रेडिओचं बटण, ते रात्री आठला हिशोब होईस्तोवर चालूच. मिसळीचे रिव्ह्यू लोक लिहितात, मोबाईलचे लिहितात, लग्नाच्या हॉलचे सुद्धा लिहितात, पण रोज दहा तास कानात असणाऱ्या गोष्टीचा कुणी लिहिलेला मला तरी दिसला नाही म्हणून हा माझा. जरा लांब होईल, वेळ असेल तेव्हा वाचा.

आधी दुकानात कोण कोण असतं ते सांगते कारण त्याशिवाय मुद्दा कळणार नाही. हूक-काज करणाऱ्या मावशी साठीच्या, त्यांना सकाळी भक्तिगीतं आणि दुपारी जुनी मराठी गाणी पाहिजेत. कटिंगला मदत करणारी निपाणीकडून लग्न होऊन आलेली, तिला कुठून कन्नड गाणं लागलं की तिचा हात दुप्पट चालतो. धाकटी वीस वर्षांची, तिला नवीन हिंदी आणि मराठी रॅप. आणि मला भावगीत, लावणी, नाट्यगीत आणि कुणी नीट गायलेली असेल तर धनगरी ओवी. चौघी जणी आणि रेडिओ एक. त्यामुळे कुठल्या स्टेशनवर काय लागतं आणि किती वेगवेगळं लागतं हा विषय आमच्याकडे रोजचा आहे, त्यावरून रुसवेफुगवे होतात, एकदा तर दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

कुणीतरी म्हणेल मोबाईलवर गाणी लावा की. लावतो की कधीकधी. पण हात कापडात अडकलेला असतो, दर गाण्याला कोण उठणार, आणि मोबाईल ज्याचा असतो त्याचीच आवड वाजते. रेडिओचं तसं नाही, तो कुणाचाच नसतो म्हणून सगळ्यांचा असतो. शिवाय मला न मागता आलेलं गाणं आवडतं, जे मला ठाऊकच नव्हतं आणि अचानक लागलं आणि मशीन थांबवून ऐकलं. ते सुख मोबाईलच्या यादीत मला मिळालं नाही.

आता स्टेशनं. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ आहे. टोमॅटो एफएम ९४.३ आहे, ते पुढारी समूहाचं म्हणजे इथलंच. रेडिओ मिरची ९८.३ आहे, ते टाइम्स समूहाचं. रेडिओ सिटी आहे, ती कंपनी २०१५ पासून जागरण समूहाकडे आहे ज्याचं मुख्य ऑफिस कानपूरला. बघा म्हणजे एक सरकारी, एक गावातल्या पेपरवाल्यांचं, आणि बाकीची लांबच्या मोठ्या घरांची. मी पूर्वी कधी मालक कोण हे बघितलं नव्हतं, गाणं लागलं की झालं. गेल्या वर्षी एक गोष्ट घडली तेव्हापासून बघायला लागले.

एक खाजगी स्टेशन आहे, नाव घेत नाही, त्यावर संध्याकाळी एक मुलगी बोलायची. कोल्हापुरी बोलायची, म्हणजे मुद्दाम लई-भारी वगैरे घालून नव्हे, तर जसं आपण भाजी मंडईत बोलतो तसं. जोतिबाच्या यात्रेला कुठला रस्ता बंद, रंकाळ्यावर आज काय गर्दी, शिवाजी स्टेडियमवर मॅच कुणाची, सगळं तिला ठाऊक असायचं आणि गाण्यांच्या मधे ती सांगायची. गाण्यात सुद्धा फरक कळायचा, कारण आठवड्यातून दोनतीन वेळा ती कुणाच्यातरी फर्माईशीवर असं काहीतरी जुनं मराठी लावायची की मावशी सुई खाली ठेवायच्या. एके दिवशी ती गायब. जाहिरात नाही, निरोप नाही. तिच्या जागी एक गोड आवाज आला, मराठी शुद्ध, हसणं छान, पण गावाचं नाव सोडून गावातलं काहीच नाही.

मग एप्रिलमधे एका संध्याकाळी वळीव आला. गारा, वारा, समोरच्या दुकानाचा पत्रा उडाला, लाईट गेली, मी रेडिओ सेलवर केला म्हटलं काय झालंय कळेल, आणि तो गोड आवाज म्हणतो काय सुंदर संध्याकाळ आहे, मित्रांना घेऊन मस्त लाँग ड्राईव्हला निघा. आम्ही चौघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. तो आवाज कुठेतरी दुसऱ्या शहरात, बहुतेक दुपारीच, रेकॉर्ड करून ठेवलेला होता हे त्या क्षणी कळलं. चिडले नाही खरंतर, वाईट वाटलं. आपलं कुणीतरी घरातलं उठून गेलंय आणि त्याच्या खुर्चीवर फोटो ठेवलाय असं.

ह्या प्रकाराला रेडिओवाले व्हॉइस ट्रॅकिंग म्हणतात. एक निवेदक एका जागी बसून चारपाच शहरांचे तुकडे बोलून ठेवतो, कॉम्प्युटर ते गाण्यांच्या मधे बसवतो. आणि गाणी? त्याचंही सॉफ्टवेअर असतं. एका तासाचं एक घड्याळ आखलेलं असतं, कुठल्या मिनिटाला कुठल्या गटातलं गाणं, सध्या गाजणाऱ्यांना पॉवर म्हणतात, नुकती उतरलेली रिकरंट, जुनी गोल्ड. पॉवरमधली गाणी थोडी असतात म्हणून ती दिवसात परत परत येतात. मी आठवडाभर मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहीत बसले कुठलं गाणं किती वाजता लागलं, आणि एकच हिंदी गाणं साडेनऊ ते आठच्या मधे चार वेळा आलं, कंटाळून डायल फिरवला तर पलीकडेही तेच चाललेलं. वहीत लावणी आठवड्यात एकदा. नाट्यगीत फक्त आकाशवाणीवर. कन्नड कुठेच नाही, आणि निपाणी इथून तासाभराच्या आत आहे.

सॉफ्टवेअर वाईट असं माझं म्हणणं नाही, वही ठेवण्यापेक्षा बरं ते. प्रश्न हा आहे की घड्याळ कोण आखतो. स्टेशनचा स्वतःचा म्युझिक मॅनेजर असेल आणि तो महाद्वार रोडवरून घरी जात असेल तर त्याला ठाऊक असतं की इथे लग्नाच्या वरातीत काय वाजतं, गणपतीत कुठलं गाणं गेल्या वर्षी सगळ्या मंडळांनी लावलं. पण एका कंपनीकडे पंचवीस-तीस शहरं झाली की हिशोब करणारा म्हणतो पंचवीस माणसं कशाला, एक विभागाचा माणूस बसवा. त्याच्या दृष्टीने बरोबर आहे. आणि आमच्या दृष्टीने तिथेच गाणी संपतात.

ह्याच्यामागे मालकी एकवटणं हे कारण आहे का हे मला बघायचं होतं, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर बराच वाचत बसले. अमेरिकेतली गोष्ट सगळ्यात स्पष्ट आहे. तिथे १९९६ पर्यंत देशभरात एका मालकाला २० एएम आणि २० एफएम एवढीच स्टेशनं ठेवता यायची. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन कायद्याने देशाची मर्यादा काढूनच टाकली, आणि मोठ्या शहरात एकाच मालकाला आठपर्यंत स्टेशनं ठेवायची मुभा दिली. काही वर्षांत क्लिअर चॅनल नावाच्या एका कंपनीकडे बाराशेच्या वर स्टेशनं झाली. बाराशे! पुढे २००८ मधे ती कंपनी प्रचंड कर्ज काढून विकत घेतली गेली, नाव बदलून आयहार्टमीडिया झालं आणि २०१८ मधे साधारण २० अब्ज डॉलरच्या कर्जापायी दिवाळखोरीत गेली. आता कर्जाचे हप्ते भरायचे म्हटल्यावर पहिली काट कुठे पडते, तर पगारावर. म्हणजे गावातल्या निवेदकावर. आमच्या संध्याकाळच्या मुलीसारख्या किती जणी तिकडे गेल्या असतील असं मनात आलं.

इंग्लंडमधेही तेच, २०२० मधे बाऊर कंपनीने आपण घेतलेली गावोगावची पन्नासच्या आसपास स्टेशनं ग्रेटेस्ट हिट्स रेडिओ ह्या एका नावाखाली आणली, लोकांना वर्षानुवर्षं ओळखीची असलेली नावं गेली.

इथपर्यंत वाचून मला वाटलं झालं, मालक एक झाला की व्हरायटी मेली. पण तसं सरळ नाही हे पुढे कळलं आणि ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर हा रिव्ह्यू अर्धवट.

१९५२ मधे स्टायनर नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उलटंच सांगितलं होतं. त्याचं म्हणणं मी मिसळीवर बसवून सांगते. समजा गल्लीत शंभर लोक आहेत, ऐंशी जणांना झणझणीत मिसळ पाहिजे आणि वीस जणांना साधी इडली. दोन दुकानं, दोन वेगळे मालक. दोघेही मिसळच लावणार, कारण ऐंशीचे अर्धे चाळीस, आणि चाळीस हे विसापेक्षा जास्त. इडलीवाले वीस जण उपाशी. पण दोन्ही दुकानं एकाच मालकाची असतील तर? तो म्हणेल एका दुकानातच मिसळ, ऐंशी येतीलच, दुसऱ्यात इडली लावतो, शंभरच्या शंभर माझे. म्हणजे स्पर्धा असताना दोन्हीकडे एकच माल आणि मालक एक झाल्यावर दोन प्रकार. रेडिओत हे जास्त लागू होतं कारण ऐकणारा पैसे देत नाही, डोकी मोजली जातात आणि जाहिरातवाला पैसे देतो. मला कन्नड गाण्यासाठी जास्त पैसे द्यायचे असले तरी द्यायला खिडकीच नाही.

आणि हे नुसतं कागदावर नाही. बेरी आणि वाल्डफोगेल ह्या दोघांनी अमेरिकेतल्या १९९३ आणि १९९७ च्या आकड्यांची तुलना केली, २००१ मधे छापली. त्यांना दिसलं की मालकी एकवटल्यावर स्टेशनांची संख्या कमी झाली पण जेवढी राहिली त्यांच्या मानाने प्रकार वाढले, कारण मालक आपलीच दोन स्टेशनं एकमेकांची गिऱ्हाईकं खाऊ नयेत म्हणून वेगळी ठेवतो. मला हे वाचून धक्काच बसला. मग मी म्हटलं प्रकार म्हणजे काय मोजलं? तर स्टेशन स्वतःला काय म्हणवतं, रॉक, कंट्री, जुनी गाणी, ते लेबल. इथे मेख आहे. २००२ मधे तिथल्या संगीतकारांच्या एका संस्थेने गाण्यांच्या याद्याच समोरासमोर ठेवल्या, तर वेगवेगळ्या नावाच्या फॉरमॅटमधे कुठे कुठे ७६ टक्क्यांपर्यंत गाणी तीच. बाहेर बोर्ड इडलीचा, आत मिसळ. २०१० मधे स्वीटिंग नावाच्या संशोधकाने लेबल सोडून प्रत्यक्ष लागलेली गाणी धरली. त्याला दिसलं की मालक आपली दोन स्टेशनं एकमेकांपासून लांब नेतो हे खरं, पण लांब नेऊन कुठे ठेवतो तर दुसऱ्या मालकाच्या स्टेशनाला चिकटून, त्याची गिऱ्हाईकं ओढायला. एकूण गावाला नवीन काही मिळालं असं नाही.

मला हे फार पटलं कारण आमच्या पेठेत मी हे बघितलंय. एका शेठने दोन साड्यांची दुकानं घेतली, एक भारी साड्यांचं केलं, दुसरं स्वस्तातलं केलं आणि बरोबर दुसऱ्या एका स्वस्तवाल्याच्या समोर उघडलं.

आता मुख्य मुद्दा, कोल्हापूरचा. भारतात खाजगी एफएम २००१ पासून. सरकारने परवाने टप्प्याटप्प्याने दिले, २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात एका शहरात एका कंपनीला एकच चॅनल, म्हणजे स्टेशन. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात सवलत आली, शहरातल्या एकूण चॅनलांच्या ४० टक्क्यांपर्यंत एका कंपनीकडे चालतील, पण शहरात कमीत कमी तीन वेगळे मालक पाहिजेत. आणि देशभर मिळून एका कंपनीकडे १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. तीन लाख ते दहा लाख वस्तीची शहरं सी वर्गात, त्यांना चार खाजगी चॅनल. आपण त्यातच. आता चारचे ४० टक्के करा. एक पूर्णांक सहा. म्हणजे एकच. मुंबईसारख्या शहरात एका मालकाची दोन-तीन स्टेशनं बसतात आणि मग तो एकावर नवीन लावतो, एकावर जुनं, एकावर नुसती प्रेमाची गाणी. कोल्हापुरात त्याला दुसरं मिळतच नाही, म्हणून ते एकुलतं एक स्टेशन तो ऐंशी लोकांच्याच बाजूला लावणार. सगळे तेच करणार.

म्हणजे मालकी एकवटण्याचा जो थोडाफार फायदा मोठ्या शहराला मिळू शकतो तो आपल्याला नियमाच्या गणितातच मिळत नाही. आणि तोटा? तो मिळतो. कारण ऑक्टोबर २०२२ मधे सरकारने देशभराची ती १५ टक्क्यांची मर्यादा काढून टाकली. शहरातली मर्यादा तशीच. तेव्हा एक कंपनी आता कितीही शहरं घेऊ शकते, दर शहरात एकेक. वर तिसऱ्या टप्प्यापासून आपल्याच नेटवर्कमधला कार्यक्रम देशभर कुठेही जोडून लावायला परवानगी आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. इथे वेगवेगळे मालक दिसतात म्हणून आपण समजतो स्पर्धा आहे, पण बहुतेकांचं घड्याळ कुठल्यातरी लांबच्या ऑफिसात पंचवीस शहरांसाठी एकदम आखलं जातं आणि पंचवीस शहरांना चालेल असं गाणं म्हणजे कुठल्याच शहराचं नसलेलं गाणं. कागदावर वेगवेगळे, कानाला एक.

मोठे व्यवहार इकडेही चालूच असतात. २०१९ मधे रेडिओ सिटीच्या कंपनीने बिग एफएमची कंपनी १०५० कोटींना घ्यायचं जाहीर केलं होतं, ते झालं नाही, पुढे बिग एफएमची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून सॅफायर मीडियाकडे गेली. असे व्यवहार तपासायला स्पर्धा आयोग आहे, पण ठराविक आकाराच्या खालचे व्यवहार त्याच्यापर्यंत जावेच लागत नाहीत, मार्च २०२४ पासून ती रेषा ४५० कोटींची मालमत्ता किंवा १२५० कोटींची उलाढाल अशी आहे, आणि छोट्या शहरांची स्टेशनं असलेली कंपनी त्याच्या कितीतरी खाली असू शकते. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते पण तिथे कुणी विचारत असेल का की मंगळवार पेठेतल्या मावशींच्या गाण्याचं काय होणार?

स्पर्धेचा दुसरा अनुभव जाहिरातीचा, तोही सांगते. गणपतीच्या आधी दहा सेकंदाची छोटी जाहिरात द्यायची माझी फार इच्छा होती, पैसे साठवले होते. एका स्टेशनच्या माणसाने सांगितलं फक्त कोल्हापूर घेतलं तर महाग पडेल, पॅकेज घ्या त्यात अजून चार शहरं येतील. मला नाशिकचं गिऱ्हाईक काय करायचंय, ब्लाउजचं माप घ्यायला ती बाई इथे येणार का. मोठ्या कंपनीला साबणवाले, मोबाईलवाले असे जाहिरातदार पाहिजेत जे एका फोनवर तीस शहरं घेतात, आणि ते बरोबर नवीन हिंदी ऐकणाऱ्या पोरापोरींच्याच मागे असतात. म्हणून गाणी पण त्यांचीच. माझ्यासारखा छोटा दुकानदार जाहिरात द्यायला परवडला असता तर स्टेशनला माझ्या गिऱ्हाईकांची, म्हणजे चाळिशीच्या पुढच्या बायकांची गरज पडली असती, आणि मग दुपारी दोनला भावगीत आपोआप लागलं असतं. जाहिरात कोण देतो त्यावर गाणं ठरतं, हे मला त्या दिवशी पैसे परत पाकिटात ठेवताना कळलं. शेवटी मी दुसऱ्या स्टेशनकडे गेले, त्यांनी फक्त कोल्हापूरसाठी दिली, दहा दिवस चालली, आणि गिऱ्हाईक आलं. पर्याय होता म्हणून झालं.

आता जे सगळ्यात मनाला लागलेलं आहे ते. २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूरकरांना सांगायला नको, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका ४३, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे बंद, गावाबाहेर जायला वाट नाही, पाण्याच्या उपशाचे पंप पाण्यात म्हणून पुरात राहून प्यायला पाणी नाही. माझी बहीण शाहूपुरीत कुंभार गल्लीत. लाईट दोन दिवस नव्हती, तिचा फोन बंद, माझा शेवटच्या दांडीवर. दुकानातला रेडिओ मी घरी नेला होता, सेल टाकून उशाशी. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, पाणी किती फुटांवर आलं, कुठल्या शाळेत लोकांना हलवलंय, हे त्या डबड्यातून कळत होतं. सांगणारा माणूस इथला होता, गल्ल्यांची नावं नीट घेत होता, आवाज थकलेला होता त्याचा. तिच्या भागातली माणसं कुठे हलवली ते त्याच्याच तोंडून ऐकलं आणि मग मी झोपले.

अमेरिकेत नॉर्थ डाकोटा राज्यात मायनॉट नावाचं गाव आहे. १८ जानेवारी २००२ च्या रात्री तिथे मालगाडी घसरली, अमोनिया वायूचा ढग गावावर आला. गावातली सहाच्या सहा व्यावसायिक स्टेशनं एकाच कंपनीची. पोलिसांनी रेडिओवरून लोकांना सांगायचा प्रयत्न केला तर त्यांना स्टेशनवर कुणी फोन उचलणारं मिळेना आणि हवेवर बाहेरून येणारी गाणी चालूच. एक माणूस गेला, शेकडो लोकांना त्रास झाला. कंपनीचं म्हणणं होतं की माणूस हजर होता, आणि पोलिसांकडची आणीबाणीची यंत्रणा पण नीट लावलेली नव्हती असं पुढे आलं, त्यामुळे सगळा दोष एकाच्या माथी मारता येत नाही. तरी मी ते वाचलं आणि मला आमचा वळीवाच्या दिवशीचा लाँग ड्राईव्ह आठवला. तेव्हा नुसता पत्रा उडाला होता.

आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे, आकाशवाणीच्या आहेत तशा लावता येतात फक्त. पण हवामान, वाहतूक, नळाचं पाणी, लाईट, नैसर्गिक आपत्तीची सूचना, हे बातमीत धरत नाहीत, ते बोलायला मोकळीक आहे. म्हणजे नियम आडवा येत नाही, खुर्चीवर माणूस पाहिजे एवढंच.

आणि हे गाव कुठलं आहे! शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवलं, जयपूर-अत्रौली घराणं इथे वाढलं. देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ ची. सुधीर फडके इथे जन्मले, जगदीश खेबुडकर ह्याच जिल्ह्यातले. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमधे जळालं तेव्हा रस्त्यावर उभी राहून माणसं रडत होती, मी स्वतः बघितली. एवढं गाणं रक्तात असलेल्या गावाला पंचवीस शहरांच्या सरासरीचं गाणं ऐकवायचं हे मला सहन होत नाही, बस.

म्हणून आता मार्क. आकाशवाणी कोल्हापूरला पाचपैकी चार. सकाळ तिथेच सुरू करा, भक्तिगीतं, शेतीचं, नाट्यगीत, लोकगीत, मधेच असं काही लागतं जे दुसरीकडे मिळणारच नाही, कारण तिथे साबणवाल्याचं गिऱ्हाईक ऐकायला बसलंय का हे बघून यादी होत नाही. एक मार्क कापला कारण निवेदन काही वेळा फार सावकाश, आणि धाकटीला तिथे काहीच नाही, वीस वर्षांच्या पोरीला पण हे गाव पाहिजे की. खाजगी स्टेशनांना एकत्र मिळून तीन. आवाज स्वच्छ, सकाळचे कार्यक्रम उत्साहाचे, जिथे निवेदक इथे बसून बोलतो तिथे मनापासून साडेतीन आणि जिथे रेकॉर्ड करून पाठवलेलं असतं तिथे दोन. फरक ओळखायचा असेल तर सोपं आहे, पाऊस पडत असताना ऐका.

ज्यांना अजून वेगळं पाहिजे त्यांनी आकाशवाणीचं ॲप घ्या, त्यात देशभरातली दोनशेच्या वर केंद्रं आहेत, आमच्या निपाणीवालीला मी धारवाड लावून दिलंय. दर बुधवारी दुपार तिची. आणि कम्युनिटी रेडिओ हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांनी म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीबद्दल वाचा, बायकांनी चालवलेलं स्टेशन, असल्या स्टेशनांची ताकद थोडी, जवळपासच पोचतं पण बोलणारी गावातलीच. असलं एक आपल्या पेठांमधे झालं तर मी संध्याकाळी दुकान बंद करून फुकट जाऊन बोलेन. सरकारने २०२४ मधे २३४ नवीन शहरांत ७३० चॅनल द्यायचं ठरवलंय, तिथल्या लोकांनी आत्ताच विचारून घ्यावं की कार्यक्रम कुठे बनणार.

त्या संध्याकाळच्या स्टेशनला मी फोन केला होता. उचलणाऱ्याने नीट ऐकून घेतलं, म्हणाला मॅडम तुमचं म्हणणं वर कळवतो. मी विचारलं वर म्हणजे कुठे, तर पुण्याच्या ऑफिसला. मी त्याला आमच्या दुकानाच्या आवडीची पाच गाणी लिहून घ्यायला लावली, कन्नड एक, लावणी दोन. महिना झाला, अजून एक पण लागलं नाही. आता गणपतीच्या शिलाईचा हंगाम सुरू होतोय, ब्लाउजचे गठ्ठे छतापर्यंत गेलेत, तरी परवा गुरुवारी दुकान बंद असतं तेव्हा मी त्यांच्या इथल्या ऑफिसात जाऊन ती यादी हातात देऊन येणार आहे, मावशी पण येते म्हणाल्यात.